रामल्यातल्या दोन खोल्या

पश्चिम आशियाचा प्रश्न वर्ध्यात सुटू शकतो, हे सगळ्यांत आधी मला कळलं. माझ्यानंतर ते कोणालाच कळलं नाही, हा भाग वेगळा.

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. अमेरिकेतल्या एका डोंगरावरच्या बंगल्यात इजिप्त आणि इस्राएल यांचा समझोता झाल्याची बातमी आली, आणि मी ओसरीवर उभा राहून रेडिओला फैलावर घेतलं. ज्या पॅलेस्टिनी लोकांच्या जमिनीचा तंटा, त्यांचा एकही माणूस बैठकीला नाही? म्हणजे वावर नत्थूजीचं आणि वाटणीला बसले त्याचे दोन शेजारी. ही काय रीत झाली? बायको, सुलोचना, अंगणात ज्वारी पाखडत होती. ती म्हणाली, "थे रेडिओवाले आयकून नाई राह्यले. हळू बोला."

मी तेव्हा 'जागतिक शांतता मंडळ, वर्धा' या नोंदणीकृत संस्थेचा संस्थापक-अध्यक्ष होतो. सभासद पाच. त्यांतले दोन आमच्याच घरात राहत आणि त्यांतली एक माझ्याशी बोलत नसे, निदान शांततेच्या विषयावर तरी. शाळामास्तरकीतून निवृत्त झालो होतो, खादी घालत होतो, आणि सत्य बोलत होतो. सत्याचा मला इतका सोस, की पाहुणे जेवायला बसले तर भाजी कशी झाली हे माझ्यादेखत कोणी विचारत नसे. व्याह्यांनी त्यांच्या घरी एकदा विचारलं. तेव्हापासून ते आम्हाला फक्त चहाला बोलावतात.

दुसरं माझं हत्यार म्हणजे उपास. वर्ध्याच्या हवेतच ते आहे. दुसऱ्या गावात माणूस रागावला तर दगड उचलतो, आमच्याकडे ताट सारतो. जामच्या चौकातला बसथांबा हलवू नये म्हणून मी उपास केला होता. थांबा हलला, पण हलवणाऱ्या साहेबाने मला स्वतः येऊन नमस्कार केला. या विजयावर मी बरीच वर्षं जगलो.

तर हा प्रश्न आता आपणच हाती घ्यायचा, असं मी ठरवलं. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला कोणी आमंत्रण देत नसतं. आणि नशीब असं, की दोन्ही बाजू वर्ध्यातच सापडल्या.

एक बाजू म्हणजे इमाद. इथल्या एका कॉलेजात विज्ञान शिकायला आलेला पॅलेस्टिनी मुलगा. जन्म अम्मानजवळच्या निर्वासितांच्या छावणीत. वर्ध्यात येऊन त्याला तीन वर्षं झाली होती आणि तो रुख्माबाईच्या खानावळीत जेवत होता, त्यामुळे मराठी बोलायचा ती थेट रुख्माबाईची. दुसरी बाजू म्हणजे अबीगाईलबाई झिराडकर. आमचे रेल्वेतले गार्ड आरोन किहीमकर, त्यांची ही मोठी बहीण. मूळ अलिबागकडचे मराठी ज्यू लोक हे. नवऱ्याबरोबर चौसष्ट साली इस्राएलला गेल्या, आणि आता चौदा वर्षांनी भावाला भेटायला आल्या होत्या. नऊवारी सोडली होती, पण पदर खांद्यावर घ्यायची सवय गेली नव्हती. फ्रॉकवरसुद्धा हात खांद्याकडे जायचा.

म्हणजे इस्राएल आणि पॅलेस्टाईन, दोघेही मराठी बोलणारे. दुभाष्याचा खर्च वाचला. मला नोबेल दिसू लागलं. ते घ्यायला जाताना कोट घालावा की नाही, याचा मी विचार करून ठेवला होता. नाही घालायचा.

मी खानावळीत इमादला निमंत्रण द्यायला गेलो तेव्हा त्याने एकच विचारलं, "बाई कोन्या गावच्या हायेत तिकडच्या?"

"रामल्याच्या," मी म्हणालो.

त्याच्या हातातला घास थांबला. रामला हे त्याच्या आईचं गाव. अठ्ठेचाळीस साली सैनिकांनी तिथल्या लोकांना बसमध्ये कोंबून नेलं आणि पुढे उन्हात पायी हाकललं, तेव्हा त्याची आई सोळा वर्षांची होती. तिकडे जायची परवानगी तिला कधी मिळाली नाही. आता साखरेच्या दुखण्याने तिचे डोळे चालले होते, आणि डोळे जायच्या आत तिला एवढंच कळायला हवं होतं, की बापाचं घर उभं आहे का.

"मले बाईले तेवढंच इचाराचं हाये, भैयाजी," तो म्हणाला. "बाकी तुमचं जे काय असन ते असन."

"विचार की," मी उदारपणे म्हणालो.

दिवाळीनंतर आमच्या अंगणात परिषद भरली. आधी सूतकताई. अबीबाईंचा धागा सारखा तुटत होता आणि इमादने चरख्याची चात वाकडी केली. मग मी नऊ कलमी मसुदा वाचला. पहिलं कलम 'ऐतिहासिक हक्क'. इमादने लगेच हात वर केला.

"बाई, रामल्यात पांढरा मनोरा हाये ना, त्याच्या बाजूनं..."

मी त्याला थांबवलं. हो, मीच थांबवलं. म्हणालो, "व्यक्तिगत प्रश्न शेवटी घेऊ. आयत्या वेळचे विषय, अध्यक्षांच्या परवानगीने." सभाशास्त्र म्हणजे सभाशास्त्र.

मग ऐतिहासिक हक्कांवर चर्चा सुरू झाली आणि जे व्हायचं तेच झालं.

"आम्ही कोणाला हाकलायला गेलो नव्हतो," अबीबाई म्हणाल्या. "आम्हाला या म्हणाले, आम्ही गेलो. तिथे गेल्यावर आमचंच यहुदीपण तपासायला निघाले. त्याविरुद्ध आमची माणसं धरण्यावर बसली होती."

धरणं हा शब्द ऐकून मला भरून आलं, पण इमादला आलं नाही.

"तुमाले राहाले घर कोनं देल्लं?" त्याने विचारलं.

"सरकारने."

"आनि सरकारले कोनं देल्लं?"

अबीबाई उभ्या राहिल्या. "माझा मुलगा सीमेवर उभा आहे. रोज रेडिओवर आधी मी सीमेचीच बातमी शोधते. या वयात मी इथे उलटतपासणीला नाही आले."

"माही माय तीस वर्सं छावनीत हाये," इमाद म्हणाला. "तिची उलटतपासनी कोनं केली नाई. कोनं इचारलंच नाई तिले." मग माझ्याकडे वळला. "तुमी तरी इचारू देल्लं काय? अजेंडा तुमालेच लखलाभ, भैयाजी."

दोघे दोन दारांनी गेले. आमच्या अंगणाला दोन दारं आहेत याचा मला त्या दिवशी पहिल्यांदा राग आला. मागे उरले मी, नऊ कलमं आणि सुलोचनाने सगळ्यांसाठी केलेला सांजा. तो समोर असतानाच मी जाहीर केलं, की दोन्ही पक्ष संयुक्त निवेदनावर सही करत नाहीत तोवर माझा उपास.

सुलोचनाने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "उपास कोनावर करून राह्यले तुमी? त्या बाईवर का त्या पोरावर? दोघांयनं तुमचं काय खाल्लं?"

"हा आत्मशुद्धीचा उपास आहे," मी म्हणालो.

"मंग आंगोळ करा," ती म्हणाली आणि सांज्याची परात उचलून आत गेली.

मी मधल्या खोलीत खाटेवर पडलो. आमच्या गावच्या साप्ताहिकाचे संपादक ओमप्रकाश येऊन फोटो काढून गेले. मी चेहरा म्लान केला होता. तसा तो करावा लागत नव्हता, पोटात कावळे ओरडत होतेच. उपासाचं एक असतं. पहिल्या दिवशी माणूस तत्त्वाचा विचार करतो आणि दुसऱ्या दिवशी पिठल्याचा.

पण उपासाचा परिणाम झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी अबीबाई धावत आल्या. माझ्यापायी हा म्हातारा गेला तर भावाला या गावात तोंड दाखवता येणार नाही, असं त्या आल्याआल्या सुलोचनाला म्हणाल्या. त्यांच्या मागोमाग इमाद आला. त्याला रुख्माबाईने ताट वाढायला नकार दिला होता. तो म्हातारा बह्याड आहे, पण आपल्या गावचा बह्याड आहे, आधी त्याला जेवू घालून ये, असा तिचा हुकूम होता.

दोघे माझ्याकडे आलेच नाहीत. सरळ स्वयंपाकघरात जाऊन बसले. मधली भिंत कुडाची, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. आधी पाट सरकले. मग सुलोचनाचा आवाज आला.

"तुले बाईले काय इचाराचं होतं, बापू? इचार आता. अध्यक्ष झोपले हायेत."

मी झोपलो नव्हतो. पण उठून तसं सांगितलं असतं तर ते पुन्हा आयत्या वेळच्या विषयात गेलं असतं.

इमादने विचारलं. पांढऱ्या मनोऱ्याच्या बाजूने गल्ली जाते. तिच्या टोकाला त्याच्या आजोबांचं घर. खाली जैतुनाच्या तेलाचा घाणा, वर तीन खोल्या, अंगणात तुतीचं झाड. ते घर आहे का?

"तेलाचा घाणा?" अबीबाईंनी विचारलं. "मोठा गोल दगड? एका कडेला टवका गेलेला?"

"माह्या मामानं पाडला तो टवका. लहान होता तवा. लय मार खाल्ला त्यानं."

"अरे, आम्ही तेलीच ना. कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणत. शनिवारी घाणा बंद ठेवायचे आमचे वाडवडील, म्हणून. तो दगड पहिल्या दिवशीच माझ्या नजरेत भरला. कामावर जाताना मी रोज त्याच्यावर बसते, बस येईस्तोवर."

"आनि घर?"

अबीबाईंनी चुलीत लाकूड सारलं, तेवढंच ऐकू आलं.

"बस कुठंसा उभी राह्यते, बाई?"

"तिथेच, बाळा," अबीबाई म्हणाल्या. "आम्ही गेलो तेव्हाच तिथे मैदान होतं. जुन्या गल्लीतली घरं आधीच पाडली होती. दगड तेवढा कोणाच्याने हलला नाही."

चुलीतलं लाकूड तडतडत होतं. तो मुलगा रडला का, मला माहीत नाही. रडला असेल तर आवाज न करता. मला मात्र खाटेवर पडल्यापडल्या लाज वाटली. एवढी मोठी परिषद भरवली आणि बोलण्यासारखा प्रश्न एकच होता. तो मी थांबवला होता.

"मी मायले काय सांगू?" इमाद म्हणाला. "थे वाट पाहून राह्यली. परीक्षा झाली का मी घरी जाईन, आनि दारातच इचारन."

"सांग, घर आहे म्हणून," अबीबाई म्हणाल्या.

माझा सत्यधर्म खडबडून जागा झाला. मी ताडकन उठून बसलो. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पुन्हा आडवा झालो. उपासाने आत्मबळ वाढतं म्हणतात, ते बसलेल्या माणसाचं वाढत असेल.

"हाये म्हनून सांगतो," इमाद सावकाश म्हणाला. "कुलूप हाये. जसंच्या तसं हाये. कोनी राह्यत नाई."

"तीस वर्षं बंद? तुझी आई काय दूधखुळी आहे? कोणीतरी राहत असलंच पाहिजे. मी राहते, सांग."

"तुमी काऊन?"

"मग कोण? माझी निदान तुला ओळख आहे. मी झाडलोट करते, तुतीला पाणी घालते, संध्याकाळी दिवा लावते. आईला बरं वाटेल."

"नाई वाटनार. दुसऱ्याची बाई आपल्या घरात दिवा लावते, हे आयकून बरं वाटते काय कोनाले?"

"मग पडीक आहे म्हणून सांग. अंगणात कुत्री फिरतात म्हणून सांग."

इमादने पुटपुटत खोल्या मोजल्या. मग म्हणाला, "एक खोली. रस्त्याकडची. बाकी दोन बंद. त्यात माह्या मायचं सामान हाये."

"एका खोलीत माझं काय होणार? मुलगा सुटीवर येतो."

"तो तं घरात नाईच याले पाह्यजे. बंदूक घेऊन याचा नाई माह्या मायच्या घरात."

"बंदूक मी बाहेर ठेवायला लावीन," अबीबाई म्हणाल्या. "पण तो येईल, इमाद. तो आला नाही तर मी त्या घरात राहून काय करू?"

बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, तरी दोघे एकेका खोलीसाठी जीव तोडून भांडत होते. किल्ली कोणाकडे, यावर एकदा बोलणी फिसकटलीच. इमाद उठून दारापर्यंत गेला. सुलोचनाने त्याला हात धरून बसवलं आणि दोघांपुढे गूळ-शेंगदाणे ठेवले. माझ्या नऊ कलमांत गूळ-शेंगदाणे नव्हते, हे मला तेव्हा उमगलं. शेवटी ठरलं ते असं. रस्त्याकडची खोली अबीबाईंची. मुलगा येईल, पण बंदुकीशिवाय. आतल्या दोन खोल्या बंद, किल्ली अबीबाईंच्या कमरेला, पण उघडायच्या नाहीत. अंगण दोघींचं. आईचा पलंग आतल्या खोलीत, आहे तिथे. आणि मग तुतीवर सगळं अडलं.

"पाणी मी घालते, तर तुती माझी," अबीबाई म्हणाल्या.

"झाड माह्या आज्यानं लावलं."

पाच मिनिटांनी दोघेही माझ्या खाटेशी येऊन उभे राहिले. माझ्या आयुष्यातला पहिला आंतरराष्ट्रीय लवाद. मागे सुलोचना उभी होती, कमरेवर हात ठेवून. तिला माहीत होतं मी काय बोलणार ते. मी बोलणारच होतो, की बाबांनो, हे झाड नाही, घर नाही, असत्याच्या पायावर शांतता उभी राहत नसते. वाक्य तयार होतं. छापण्याजोगं होतं. मी इमादच्या तोंडाकडे पाहिलं.

"तुती गल्लीतल्या पोरांची," मी म्हणालो. "झाड कोणाचंही असो, तुती पोरंच खातात."

इमादने मान हलवली. "मायबी असंच सांगते. पोट्टे एकबी राहू देत नव्हते म्हने."

मग दोघांनी माझ्या नऊ कलमी निवेदनावर न वाचताच सह्या केल्या. मीही ते पुन्हा वाचलं नाही. अबीबाईंनी त्यांच्या रीतीप्रमाणे मलिदा केला. नवस फिटला की ते लोक करतात, भिजवलेले पोहे, खोबरं, साखर आणि फळं. सार्वजनिक जीवनात कधी मलिदा खाल्ला नाही, असं मी भाषणात नेहमी सांगायचो. त्या दिवशी दोन वाट्या खाल्ला. ओमप्रकाशने बातमी छापली, 'भैयाजींचा उपास सुटला'. पश्चिम आशियाचा उल्लेख शेवटच्या ओळीत होता, तोही सेलूच्या गुरांच्या बाजाराच्या बातमीत मिसळला गेला होता.

अबीबाई रामल्याला परत गेल्या. परीक्षा झाल्यावर इमाद आईकडे गेला. मी त्यानंतर परिषद भरवली नाही. नोबेलवाल्यांकडूनही काही विचारणा झाली नाही.

पावसाळ्यात कॉलेज उघडलं आणि इमाद एका दुपारी आमच्या ओसरीवर येऊन बसला. वाळला होता. सुलोचनाने चहा आणला, तो त्याने हातातच धरून ठेवला.

"सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगतलं. सगळं सांगतलं, ठरलं तसं. तिचे डोये आता पूरे गेले. माह्या तोंडावर हात ठेवून आयकत होती."

"काय म्हणाली?"

"आंधी तं लय रडली. मंग बाईचं नाव इचारलं, गाव इचारलं. तेल्याची पोरगी हाये म्हटल्यावर जरा गप बसली. दोन दिवस काई बोलली नाई. मले वाटलं, समजलं हिले." त्याने चहाचा पेला खाली ठेवला. "मंग मले बलावून म्हने, दोन खोल्या बंद ठेवल्या, हे कोनं ठरवलं? अक्कल नाई काय तुमाले? बंद खोलीले वाळवी लागते. त्या बाईले सांग, दोन्ही खोल्या उघड. हवा लागू दे. तिचा पोरगा येते तं त्याले झोपाले जागा होईन."

सुलोचना दारातच थांबली होती.

"आनि म्हने, तिले सांग, राहा, पन माह्या पलंगावर झोपू नको. तो माहा हाये. मी येईन तवा मले लागन."

ज्या खोल्यांसाठी तो मुलगा चुलीपुढे भांडला होता, त्या तिने एका वाक्यात देऊन टाकल्या होत्या, आणि घर मात्र सोडलं नव्हतं. हे कलम मला सुचलं नसतं. आणखी शंभर उपास केले असते तरी नसतं.

"आता दर पत्रात इचारते," इमाद म्हणाला. "शेजारच्या पोरीकडून लिहून घेते. खोल्या उघडल्या का? बाईनं काय निरोप देल्ला? मी काय लिहू, भैयाजी? खोटं तुमच्याच्यानं बोलवत नाई, मले मालूम हाये. पन आता माह्याच्यानंबी बोलवत नाई."

तो माझ्याकडे पाहत होता. सुलोचनाही पाहत होती.

"लिही, उघडल्या म्हणून," मी म्हणालो. "एका खोलीत वाळवी लागली होती थोडी, दाराच्या चौकटीला. अबीबाईंनी रॉकेल लावून झाडून काढली. दुसरी चांगली आहे. खिडकी उघडली की तुतीची फांदी आत येते."

इमादने खिशातून पेन काढलं.

"आणि पलंग झटकून ठेवलाय, म्हणावं," मी म्हणालो. "त्यावर कोणी झोपत नाही."